बाईंचं नाक

आमचे शाळेतले विज्ञानाचे सर म्हणायचे, रसायनशास्त्र निम्मं पुस्तकात असतं आणि निम्मं नाकात. पुस्तकातलं निम्मं मी पाठ केलं. नाकातलं निम्मं मला आयतंच मिळालं होतं. चौलला आमच्या वाडीत नारळी-पोफळीच्या सावलीत बसून मी सांगू शकायचे की शेजारी आज सुक्या मासळीतली कोलीम परततायत की जवळा, आणि शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "तुझ्या पोरीपासून काय लपवायची सोय नाय."

पुढे अलिबागला कॉलेजात याच नाकाने मला भाव मिळाला. क्षार ओळखायचं प्रॅक्टिकल असलं की मुलं तापवलेली परीक्षानळी घेऊन माझ्याकडे यायची. मी हाताने हलकेच वारा घ्यायची आणि सांगायची. व्हिनेगरचा वास म्हणजे असिटेट, सडक्या अंड्याचा म्हणजे सल्फाइड. त्या सडक्या अंड्याचा वास वेणीत बसायचा आणि संध्याकाळच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. मला ऐसपैस बसायला मिळायचं. तेव्हापासून रसायनशास्त्राच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू दिलेली नाही.

बी.एड. करून मी खाडीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत लागले. शाळेची इमारत दुमजली, वर गच्ची. खाली ऑफिस, स्वयंपाकाची खोली आणि प्रयोगशाळा, वर सगळे वर्ग. खाडीच्या अल्याड, धक्क्याजवळ, मच्छीमारांसाठी बर्फाचा कारखाना. पल्याड रसायनांची मोठी कंपनी. निम्म्या मुलांचे बाप होडीवर आणि निम्म्यांचे कंपनीत. बरी चालली होती नोकरी. मग तो साथीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना माझा वास घेऊन गेला.

पहिल्या दिवशी चहा बेचव लागला तेव्हा वाटलं, तोंड आलंय. मग मी हिंगाची डबी उघडली, लवंग चावली, कापूर नाकाशी धरला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. सगळ्यांचा आला. नवऱ्याचा आठवड्यात आला आणि त्याने लगेच तक्रार केली की सुकट जळलीय. माझा काही आला नाही. अजूनही आलेला नाही, आणि आता मी वाट बघायचं सोडलंय.

वास नसलेल्या माणसाला किती भ्यावं लागतं हे ज्याला वास आहे त्याला कळायचं नाही. डोळे मिटले की अंधार झालेला निदान कळतो. इथे काही गेलंय असंसुद्धा वाटत नाही. घरात मी गॅसचा रेग्युलेटर दर वेळी बंद करते, तरी काडी पेटवायच्या आधी नवऱ्याला हाक मारते, "जरा येऊन बघता का?" तो येतो, हुंगतो, "काही नाही, पेटव," म्हणतो. तो कामाला गेला की मी थंडच खाते. बाजारात पापलेटाचे कल्ले उचकून लाल आहेत का ते डोळ्याने बघते. बसमध्ये शेजारचं माणूस सरकून बसलं की जीव खालीवर होतो. आपल्यालाच घामाचा वास येत असेल का? विचारणार कुणाला?

पण खरी भीती शाळेत होती. माझ्या हातात आम्लं, गॅसचे बर्नर, आणि समोर लोकांची पोरं. रसायनशास्त्राच्या बाईला वास येत नाही म्हणजे तबलजी बहिरा. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर त्यांनी सहानुभूती दाखवली असती आणि पुढच्या जूनपासून मला कार्यानुभव आणि चित्रकला दिली असती. प्रयोगशाळा सोडायची कल्पना मला सोसवत नव्हती. म्हणून मी गप्प बसले आणि एक युक्ती काढली.

वर्गात वायूची परीक्षा करायची असली की मी म्हणायची, "आज वास कोण सांगतं बघू." एकेकाने पुढे यायचं, हाताने वारा घ्यायचा आणि पुस्तकातले शब्द न वापरता वास सांगायचा. उग्र, झोंबणारा, गुदमरवणारा असलं काही चालणार नाही. तो कशासारखा आहे ते सांगा. मुलांना हा खेळ फार आवडला. सल्फर डायऑक्साइड फटाक्यांसारखा. क्लोरीन नळाच्या पाण्यात पावडर जास्त झाल्यावर येतो तसा. नवसागर आणि चुना एकत्र तापवून अमोनिया काढला की मागच्या बाकावरून हमखास "यस्टी स्टँडची मुतारी" असं यायचं आणि वर्ग हसून लोळायचा. मुख्याध्यापकांनी एकदा दारात उभं राहून हे पाहिलं आणि तालुक्याच्या बैठकीत आमच्या कृतियुक्त अध्यापनाचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. आंधळ्याने काठी टेकत चालावं आणि लोकांनी म्हणावं, काय रुबाब आहे, त्यातली गत.

या खेळात दहावीतली एक मुलगी सगळ्यांना भारी होती. हडकुळी, खिडकीजवळ बसणारी, तिची आई बाजारात सुकी मासळी विकायची. तिचं नाक म्हणजे माझं जुनं नाक. वर्गात पाऊल टाकताच सांगायची, "आज मामांनी फिनेल नाय टाकलं, नुसतं पाणी मारलंय." शिपाईमामा तिच्यावर खार खाऊन असायचे. हळूहळू माझी सवय अशी झाली की इतर कुणी काही म्हणो, मी शेवटी तिच्याकडे बघायची. तिने मान डोलावली की मी फळ्यावर लिहायची. बर्नर पेटवण्याआधीसुद्धा माझी नजर तिच्या चेहऱ्यावर जायची. तिला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आता कंपनीचं थोडं सांगायला हवं. दरवर्षी कंपनीचे सुरक्षा अधिकारी शाळेत येऊन सराव करून घ्यायचे. भोंगा वाजला की रुमाल ओला करा, नाकाला लावा, खिडक्या बंद करा आणि वर गच्चीकडे चला. कारण तिथे साठा क्लोरीनचा आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. हे बरोबरच होतं, मीही वर्गात तेच शिकवायची. मुलांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की नुसता भोंगा म्हटलं तरी पाय जिन्याकडे वळायचे. आणि आमच्या गावात घाण वासाला एकच नाव. खाजणाच्या चिखलात काही कुजलं, कुणी टायर जाळला, गटार तुंबलं, तरी माणसं नाकाला पदर लावून म्हणणार, "कंपनीनं सोडला वाटतं." कंपनीलासुद्धा कधीकधी वाईट वाटत असेल.

तो दिवस जानेवारीतला. सराव परीक्षा जवळ आलेली, दुपारची सुट्टी होऊन गेलेली, मी दहावीला फळ्यावर कार्बनच्या साखळ्या काढत होते. मुख्याध्यापक बैठकीला अलिबागला गेले होते. त्यामुळे शाळेत वयाने आणि नोकरीने मीच मोठी. खडू टाकून मागे वळले तर खिडकीकडची मुलं खोकत होती. एकीने ओढणी तोंडाला लावलेली. मग मधल्या रांगेत खोकला आला, मग दाराजवळ. वर्गातून काहीतरी चालत जात होतं आणि ते कुठवर आलं हे मला फक्त मुलांच्या तोंडांवरून कळत होतं. मग माझे डोळे झोंबायला लागले.

मी खोल श्वास घेतला. मूर्खपणाच तो, पण जुनी सवय. नाकात नुसती हवा आली.

कॉरिडॉरमध्ये गलका झाला. आठवी आणि नववीचे वर्ग बाहेर आले होते. नववीच्या बाई धावत माझ्याकडे आल्या. "मॅडम, कंपनीचा गॅस. पोरांना गच्चीवर नेते." मुलं जिन्याकडे निघालीच होती, कुणी सांगायची गरज नव्हती.

"भोंगा कुठे वाजलाय?" मी म्हटलं.

"लाइट गेलीय सकाळपासून. भोंगा वाजेल न वाजेल."

तेही खरं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. दुपारचा वारा नेहमीसारखा खाडीवरून शाळेकडे येत होता. त्या वाटेवर आधी बर्फाचा कारखाना आणि त्याच रेषेत पल्याड कंपनी. दिसत काही नव्हतं. आणि बर्फाच्या कारखान्यात काय असतं हे माझ्याइतकं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. बर्फ करायला अमोनिया लागतो. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. क्लोरीन असेल तर पोरांना खाली नेणं म्हणजे त्यांना विहिरीत ढकलणं. अमोनिया असेल तर त्यांना वर नेणं म्हणजे धुराड्याच्या तोंडावर बसवणं. डोळे दोन्हींनी झोंबतात. खोकला दोन्हींनी येतो. फरक फक्त वासात, आणि तो ओळखायला लहान पोरसुद्धा पुरे. ओला लिटमस लावला असता तरी क्षणात कळलं असतं, पण लिटमस खालच्या प्रयोगशाळेत, आणि खाली जायचं की नाही हाच तर प्रश्न होता.

मी आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते. नववीच्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या लेखी मी विज्ञानाची बाई, मला कळणारच.

"थांबा," मी ओरडले. "कुणी वर जायचं नाही. वास कसला येतोय सांगा."

"कंपनीचा," सगळे एका सुरात म्हणाले.

"कंपनीचा म्हणजे कशासारखा?"

मग प्रत्येकाचं वेगळंच सुरू झालं. कुणी म्हणालं मुतारीसारखा. कुणी म्हणालं, नाय, बाथरूम धुतल्यासारखा. एक मुलगा म्हणाला माझा बाप कामावरून येतो तसा. एकजण रडत म्हणाला, बाई, मला घरी जायचंय. घाबरलेल्या माणसाला नाक असलं तरी त्याचा उपयोग नसतो हे मला तेव्हा समजलं. नववीच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, मला काय त्यातलं कळतं? तुम्ही बघा ना."

मी गर्दीत त्या मुलीला शोधलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ओढणी तोंडावर, डोळ्यांतून पाणी. मी तिच्यापाशी गेले, तिचे खांदे धरले. "तू सांग," मी म्हटलं. "कशाचा वास आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओढणी खाली घेतली.

"अमोनिया, बाई."

"नक्की?"

"व्हय."

बस्स, तेवढंच. मी वळले आणि गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन आडवी उभी राहिले. "खाली," मी म्हटलं. "सगळे खाली. पिंपातल्या पाण्यात रुमाल, ओढण्या भिजवा आणि मागच्या दाराने वाडीत." पाण्यात अमोनिया चटकन विरघळतो. माझे ओठ हे बोलत होते आणि डोकं मात्र दुसरंच म्हणत होतं, क्लोरीन असला तर?

आठवीतली काही मुलं उतरेनात. त्यांना वर जायलाच शिकवलं होतं आणि आता तीच बाई खाली ढकलत होती. एकाने माझ्या हाताखालून निसटून गच्चीकडे धाव घेतली. मी त्याला कॉलर धरून ओढला. शर्टाचं बटण तुटलं. तो मला शिव्या देत खाली गेला.

तो जिना उतरणं मी कधी विसरणार नाही. एकेक पायरी खाली आणि मनात एकच, आता जड हवेत चाललोय. खाली पोचल्यावर एक मुलगी खोकून खोकून मटकन बसली आणि मला वाटलं, संपलं, क्लोरीनच होता, मी पोरं मारली. तिला उचलून काखेत धरली आणि चालत राहिले. मागच्या दारातून वाडीत, पोफळींमधून, पाण्याच्या पाटातून चिखल तुडवत, वाऱ्याला आडवं, देवळापर्यंत. मी दर थोड्या वेळाने शेजारच्या मुलाला विचारायची, "अजून येतोय? कमी झाला का?" तो म्हणायचा, "कमी झाला." मला ते खरं वाटायचं नाही. देवळाच्या फरसबंदीवर मुलं बसली, तोंडं धुतली, एकमेकांच्या लाल डोळ्यांना हसायला लागली. तरी मी उभीच होते. बसले असते तर उठता आलं नसतं.

शिपाईमामा धक्क्यावरून शाळेत जाऊन धावत आमच्याकडे आले. शर्ट घामाने आणि पाण्याने भिजलेला. "बर्फाच्या कारखान्याचा पायप फुटला," ते म्हणाले. "गच्चीवर तर उभं ऱ्हावत नाय. मी वर जाऊन आलो, पोरं दिसली नाय तवा काळीजच गेलं माझं." मग मी देवळाच्या पायरीवर बसले. रडले नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले.

कारखान्यातल्या दोन कामगारांना दवाखान्यात न्यावं लागलं, ते बरे होऊन आले. आमच्या मुलांना डोळ्यांत औषध घालण्यापलीकडे काही लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गावात माझं नाव झालं. "सगळा गाव कंपनी कंपनी करीत होता, बाईंनी वासावरनं ओळखला," असं बाजारात लोक सांगायला लागले. कुणी नारळ आणून दिले, कुणी ओल्या बोंबलांचा वाटा. मुख्याध्यापकांनी प्रजासत्ताक दिनाला झेंड्याखाली मला शाल पांघरली आणि म्हणाले, मॅडमच्या नाकाने शाळा वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ती शाल गळ्याशी आवळल्यासारखी वाटत होती. ज्या मुलीची ती शाल होती ती रांगेत चौथी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

कार्यक्रम झाल्यावर मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. मुलं मैदानावर लेझीम आवरत होती, त्यांचा गोंगाट आत येत होता. मी शाल टेबलावर ठेवली.

"ही तुझी आहे," मी म्हटलं. "तू ओळखलास म्हणून सगळं झालं. मी सरांना सांगणार आहे."

ती एकदम पांढरी पडली. "नको बाई."

"का? लाजायचं काय त्यात?"

ती टेबलाच्या कडेवर नखाने रेघा ओढत राहिली. मी पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघून बोलली. "मला वास नव्हता येत, बाई. सर्दी व्हती. चार दिवस नाक बंद व्हतं माझं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग अमोनिया कसं म्हणालीस?"

"आदल्या दिवशी तुम्ही नवसागर नि चुना घेतला व्हता ना वर्गात. तेच तोंडावर आलं." मग घाईघाईने म्हणाली, "तुम्ही खांदं धरलं, बाई. सगळी माझ्याकडं बघत व्हती. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मी स्टुलावर बसले. इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारतेय. उत्तर येत नसलं तरी बाईंनी उभं केलं की मूल काहीतरी बोलतंच, हे मला काय नवीन होतं?

"आणि चुकलं असतं तर?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "क्लोरीन असता तर काय झालं असतं, कळतंय तुला?"

तिने वर पाहिलं. तिला माझा प्रश्नच समजला नव्हता. "तुम्ही व्हतात ना," ती म्हणाली. "चुकलं तर तुम्ही लगेच सांगता. तुम्ही काय बोलला नाय, मंजे बरोबर असंल, असं वाटलं."

बाहेरचा गोंगाट थांबला होता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. की मला वास येत नाही. त्या दिवशी आला नव्हता, आणि त्याआधी तिने वर्गात सांगितलेल्या एकाही वायूचा आला नव्हता.

तिने दारातून मैदानाकडे पाहिलं. तिचा धाकटा भाऊ आठवीत होता, तोही त्या दिवशी जिन्यावर होता.

"मंजे बाई," ती हळूच म्हणाली, "तवा कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा पाहून मला जी भीती वाटली ती जिना उतरतानाही वाटली नव्हती. मैदानावर जाऊन तिने भावाचा हात धरला, आणि तो सोडवून घ्यायला धडपडत होता तरी सोडला नाही.